हारुनच्या बकऱ्यांची खुशाली

विभावरी : ...तर मी हो म्हणून कळवलंय. जानेवारीपासून दोन वर्षं. घाना, सोमाना जिल्हा.

शैलेंद्र : बरं. आता असं करू या. हे तू बोललीच नाहीस. मी तुला आत्ताच ऑफिसखालून पिकअप केलं, तू पट्टा लावलास आणि मी विचारलं, काय मग, डब्यातली भेंडी संपली का.

विभावरी : शैलेंद्र, आपण शारजाच्या वेशीवर, अल नाहदाच्या सिग्नलला उभे आहोत. पिकअप करून तास झाला.

शैलेंद्र : भेंडी संपली का.

विभावरी : संपली.

शैलेंद्र : छान. किती साधा दिवस आहे बघ.

अवनी : बाबा, आय हर्ड इट टू. शी सेड घाना.

शैलेंद्र : तू हेडफोन लाव. ते गळ्यात घालायला आणलेले नाहीत.

विभावरी : तिला माहीत आहे. कालच सांगितलं.

शैलेंद्र : म्हणजे नवऱ्याला शेवटी. बिल्डिंगच्या वॉचमनलाही माहीत असेल.

विभावरी : त्याला नाही माहीत.

शैलेंद्र : चला, एकाच्या तरी पुढे आहे मी. आणि त्या जिल्ह्याला?

विभावरी : जिल्ह्याला माहीत आहे. त्यांनी खोली बघून ठेवलीय.

शैलेंद्र : खोलीत लाइट आहे?

विभावरी : सोलर आहे. एक दिवा, एक पंखा. दोन्ही एकदम चालत नाहीत.

शैलेंद्र : म्हणजे घाम आलेला दिसणार तरी, नाहीतर अंधारात गार वाटणार. रस्ता?

विभावरी : रस्ता आहे.

शैलेंद्र : पावसाळ्यात?

विभावरी : पावसाळ्यात नदी आहे.

शैलेंद्र : त्याच जागी?

विभावरी : त्याच जागी.

शैलेंद्र : आणि दवाखान्यात एक नर्स. तिच्याकडे एक मोबाईल. त्याच्या टॉर्चवर बाळंतपणं. मोबाईल चार्ज करायचा तर बाजाराच्या गावी जायला लागतं आणि बाजार आठवड्यातून एकदा. म्हणजे बायकांनी शक्यतो बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाळंत व्हायचं.

विभावरी : त्यावर जोक नको. गेल्या पावसात एक बाजाराच्या आदल्या दिवशी अडली. गाडी नदीच्या अलीकडे, ती पलीकडे.

शैलेंद्र : ...सॉरी.

विभावरी : तुला हे सगळं कसं माहीत? मी तर तुला कधी सांगितलं नाही.

शैलेंद्र : मला सांगितलं नाहीस, पण तुमच्या सोमान्यातल्या माणसाशी, हारुनशी बोलतेस. रोज संध्याकाळी, याच गाडीत, याच सिग्नलला. मी ड्रायव्हर. मला आपल्या मजल्यावर समोर कोण राहतं ते ठाऊक नाही, पण सोमान्यात शाळेजवळचा पंप का बंद आहे ते झोपेतून उठवून विचार.

विभावरी : का बंद आहे?

शैलेंद्र : आतलं रबर गेलंय. आणि चार देणगीदारांनी चार कंपन्यांचे पंप बसवलेत, एकाचं रबर दुसऱ्याला बसत नाही. सगळ्यांनी फीत कापली, रबर कोणी ठेवलं नाही. तुमच्या फाउंडेशननंसुद्धा.

विभावरी : आमच्या फाउंडेशननंसुद्धा. म्हणून तर जातेय. उद्घाटनाचे फोटो दुबईत बसून मी पाच वर्षं लावतेय रिपोर्टला. फोटोतला पंप पुढच्या वर्षी बंद, रिपोर्टमध्ये चालूच. आता तिथल्या बायकांना पंप उघडायला, जोडायला शिकवायचंय. नदी आडवी आली तरी पंप चालला पाहिजे.

शैलेंद्र : काम चांगलं आहे. कामाबद्दल मी काही बोललोच नाही.

विभावरी : मग कशाबद्दल बोलतोयस?

शैलेंद्र : बकऱ्यांबद्दल.

विभावरी : काय?

शैलेंद्र : काल तू हारुनला विचारलंस, घर कसं आहे, आई कशी आहे, झोप कशी झाली, बकऱ्या कशा आहेत. एवढ्यावर थांबली असतीस तर मी काही बोललो नसतो. मग काळ्या बकरीची चौकशी वेगळी केलीस.

विभावरी : ती आजारी होती.

शैलेंद्र : मी पण आजारी होतो. गेल्या महिन्यात तापानं फणफणलो होतो. तू दार उघडून डोकावलीस आणि विचारलंस, गीझर बंद केलास का.

विभावरी : गीझर चालू होता.

शैलेंद्र : बकरीला गीझरचं कोणी विचारलं नाही.

अवनी : बाबा, यू आर जेलस ऑफ अ गोट.

शैलेंद्र : एकीवर नाही, सगळ्या कळपावर.

विभावरी : अरे, तिथे तसंच बोलतात. घरदार, माणसं, गुरं, झोप, सगळं विचारून झाल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही. पाहणीला गेले तेव्हा पहिल्या दिवशी मी जीपमधून उतरले आणि थेट विचारलं, पंप कुठाय. कोणी उत्तरच देईना. सगळे माझ्याकडे बघतायत, जसं काही मी बोललेच नाही. मग हारुन म्हणाला, मॅडम, तुम्ही आलात खऱ्या, पण अजून पोचला नाहीत.

शैलेंद्र : हे बघ. अशी वाक्यं बोलतो तो. मी अशा माणसाशी कसं कॉम्पिट करायचं? माझ्या ऑफिसात सगळ्यात खोल वाक्य असतं, प्लीज फाइंड अटॅच्ड.

विभावरी : तो साठीचा आहे. अकरा नातवंडं आहेत त्याला.

शैलेंद्र : माहीत आहे. धाकट्याला गोवर आला होता. मी सांगतो तुला, मी अख्खा मॉल गार ठेवतो. बाहेर डांबर वितळतंय आणि माझ्या चिलरमुळे आत लोक स्वेटर घालून आइस्क्रीम खातायत. आजवर एका माणसानं मला जिवंत कोंबडी दिलेली नाही. तुला दोन दिल्या.

विभावरी : गिनी फाउल होते ते. तिकडे पाहुण्याला देतात. विमानात आणता येईनात, म्हणून हारुनकडेच ठेवलेत माझ्या नावानं.

शैलेंद्र : कळलं मला. नावंही ठेवलीत.

विभावरी : हारुननं ठेवली. तुम्हा बापलेकीची. मान म्हणून.

शैलेंद्र : शैलेंद्र कसा आहे?

विभावरी : फार ओरडतो म्हणे. कारण नसताना.

अवनी : ऑसम.

शैलेंद्र : घ्या. वाजला. बघ स्क्रीनवर, हारुन सोमाना. जॅमपेक्षा जास्त पंक्च्युअल. नाही, तू थांब, आज मी उचलतो.

(फोन गाडीच्या स्पीकरवर. हारुन इंग्रजीत बोलतो. ते इथे मराठीत.)

हारुन : मॅडम, घर कसं आहे?

शैलेंद्र : मॅडम इथेच आहेत. मी शैलेंद्र बोलतोय.

हारुन : अहो, शैलेंद्रसाहेब. आजचा दिवस चांगला. घर कसं आहे?

शैलेंद्र : ठीक.

हारुन : मुलगी?

शैलेंद्र : ठीक.

हारुन : मुलीचा अभ्यास?

शैलेंद्र : ठीक आहे, ठीक आहे.

हारुन : मशीनं? ती थंड करणारी?

शैलेंद्र : ...तीही ठीक आहेत. तुम्हाला माझ्या मशीनचं कोणी सांगितलं?

हारुन : मॅडमनी. आमच्याकडे मॅडम तुमच्याबद्दल बोलतात तेव्हा पोरं गोळा होतात. एक माणूस बटण दाबून एवढ्या मोठ्या घरात हिवाळा आणतो, हे त्यांना खरं वाटत नाही. झोप कशी आहे?

शैलेंद्र : ठीक ठीक.

हारुन : गाडी?

शैलेंद्र : उभी आहे.

हारुन : उभी गाडी सुखरूप गाडी. साहेब, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. त्या दिवशी तुम्ही एवढ्या मोठ्या मनानं हो म्हणालात, वडीलधारी मंडळी अजून तेच बोलतात.

शैलेंद्र : कुठल्या दिवशी?

हारुन : मॅडम आंघोळीला गेल्या होत्या, फोन तुम्ही घेतलात. आमचे गावप्रमुख शेजारीच बसले होते. मी विचारलं, घर? तुम्ही म्हणालात, ठीक. मुलगी? ठीक. काम? ठीक. मग प्रमुखांच्या वतीनं रीतीप्रमाणे विचारलं, तुमच्या घरची बाई दोन वर्षं आमच्या घरी द्याल का? तुम्ही म्हणालात, ठीक ठीक, इन्शाल्ला, नो प्रॉब्लेम हबीबी.

विभावरी : शैलेंद्र.

हारुन : हबीबी म्हणजे जिवलग, हे आमच्या इमामसाहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर इतक्या संस्था आल्या, कोणाच्या घरच्यांनी त्यांना हबीबी म्हटलं नव्हतं. लगेच मेंढा कापला.

शैलेंद्र : मेंढा कापला.

हारुन : तुमचा वाटा बाजूला ठेवला होता. पण फ्रिज नाही. म्हणून मग तो मीच खाल्ला, तुमच्या वतीनं.

शैलेंद्र : कसा होता?

हारुन : जरा चिवट. साहेब, शाळेजवळच्या पंपाचं मॅडमना सांगा, बायका आता पलीकडच्या ओढ्यावरून पाणी... हॅलो? मी टेकडीवरच्या झाडाखाली उभा आहे, इथे एवढंच नेटवर्क... हॅलो? हॅलो?

अवनी : कॉल ड्रॉप्ड.

विभावरी : तू त्यांना खरंच हो म्हणालास.

शैलेंद्र : मी ठीक म्हणालो. मी सगळ्यांनाच ठीक म्हणतो. बँकवाल्यांना म्हणतो, तुझ्या मावशीला म्हणतो. एखाद्यानं विचारलं तुमची किडनी द्याल का, तरी मी नो प्रॉब्लेम हबीबी म्हणून ठेवून देईन. मॅच चालू होती, विभा.

विभावरी : ते काय धरून बसले असतील सांगू? तिथे घरच्यांना विचारल्याशिवाय बाई राहायला येत नाही. मला तुझी परवानगी नको होती, त्यांना हवी होती. घरातून निघून आलेल्या बाईच्या हातात ते पंपाची किल्ली देणार नाहीत.

शैलेंद्र : आणि तुला कधी कळलं?

विभावरी : दुसऱ्या दिवशी. हारुननंच सांगितलं, एकदम खुशीत. मी म्हटलं, शक्य नाही. शैलेंद्र मला साधं अल ऐनला ऑफिसच्या ट्रिपला सोडताना तोंड पाडून बसतो. मग म्हटलं, संध्याकाळी सांगेल. तू काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ऑफिसला आज कळवते, उद्या कळवते करत राहिले.

शैलेंद्र : तू माझ्या बोलण्याची वाट बघत होतीस?

विभावरी : तू मजेत पोळी-भाजी खात होतास. मी समोर बसून विचार करत होते, हा माणूस मला दोन वर्षांसाठी हसत हसत देऊन बसलाय आणि वर लोणचं मागतोय.

शैलेंद्र : मला काही माहीतच नव्हतं, विभा.

विभावरी : तेच तर. मला वाटलं होतं तू अडवशील. अडवलं असतंस तरी मी गेले असते. पण अडवायला हवं होतंस.

अवनी : वेट. सो बाबा गेव्ह परमिशन, मम्मा गॉट सॅड बिकॉज बाबा गेव्ह परमिशन, सो शी सेड येस, अँड नाऊ बाबा इज जेलस. ऑल्सो अ शीप डाइड.

विभावरी : तू हेडफोन लाव.

शैलेंद्र : मग आता परत घेतो परवानगी. फोन लाव त्याला. सांगतो, टेक्निकल एरर होता.

विभावरी : मेंढा कापलाय, शैलेंद्र. कापून खाऊन झालाय. त्यांच्या दृष्टीनं विषय खलास.

शैलेंद्र : मी मेंढ्याचे पैसे देतो.

विभावरी : आणि ओढ्यावर जातायत त्या बायकांना काय देशील? मॉलचा चिलर?

शैलेंद्र : ...नाही.

विभावरी : मग.

शैलेंद्र : मग काही नाही. विभा.

विभावरी : हं.

शैलेंद्र : झोप कशी आहे?

विभावरी : काय?

शैलेंद्र : विचारतोय. झोप कशी लागते तुला?

विभावरी : मस्करी करू नकोस आता.

शैलेंद्र : नाही करत. मला खरंच माहीत नाही.

विभावरी : लागत नाही. पहाटेच जाग येते. शेजारी तू घोरत असतोस. मी म्हणते, दोन वर्षं हा भोंगा नसेल, आणि जरा बरं वाटतं. मग थोड्या वेळानं बरं वाटायचं थांबतं.

शैलेंद्र : रोज?

विभावरी : बहुतेक रोज.

शैलेंद्र : उठवत का नाहीस मला?

विभावरी : उठवून काय विचारू? गीझर बंद केलास का?

शैलेंद्र : चालेल. तेही चालेल. आणि घर कसं आहे?

विभावरी : कोणाचं? हारुनचं?

शैलेंद्र : आपलं.

विभावरी : घर... घरात मी फ्रिजवर चिठ्ठ्या लावायला लागलेय मनातल्या मनात. अवनीच्या डब्यात बुधवारी काय, तुझी बीपीची गोळी कुठल्या खणात. मग वाटतं, ही मला तिथे फोन करून सांगेल का काही? का सगळं फाइन म्हणून ठेवून देईल, तुझ्यासारखी?

अवनी : आय वोन्ट से फाइन.

विभावरी : नक्की?

अवनी : नक्की, आई.

शैलेंद्र : आई म्हणाली ही. मराठीत.

विभावरी : ऐकलं मी. शैलेंद्र, सिग्नल सुटला. पुढची लेन मोकळी झालीय.

शैलेंद्र : थांब. अजून तुझ्या आईंचं विचारायचंय. गुडघ्यांचं काय म्हणाल्या डॉक्टर? आणि तुझा खांदा, तो दुखतो ना रात्री? डावा की उजवा?

विभावरी : उजवा. अरे, मागे हॉर्न वाजवतायत. यल्ला, चल लवकर, तो लॅंडक्रूझरवाला उतरून येतोय बघ.

शैलेंद्र : येऊ दे. त्यालाही विचारू, घर कसं आहे. अवनी, मोबाईल काढ आणि लिही. मराठीत लिहायचं.

अवनी : बाबा, माय स्पेलिंग इज सो बॅड.

शैलेंद्र : त्यांनाही मराठी येत नाही, चालेल. लिही. प्रति, माननीय वाहतूक विभाग, दुबई तसेच शारजा. विषय : अल नाहदा येथील सायंकाळची वाहतूक कोंडी. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराचे आपल्या पत्नीस बरेच काही विचारावयाचे राहून गेले आहे. तरी सदर कोंडी जानेवारीपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावी व कोणत्याही परिस्थितीत सोडविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.