चढणार नाही, पडणारही नाही

...नाही, मी म्हणतो, सुरक्षित म्हणजे तरी किती सुरक्षित असावं माणसानं? तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसातला कॅशियर, दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून ज्याचा अंगठा गुळगुळीत झालाय, तो मला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन म्हणाला, नाकातून बोलतो तो, "पोर्टफोलिओत एक तरी शांत शेअर ठेवा. वीज कंपनीचा घ्या. मंदी येवो, महागाई येवो, माणूस दिवा लावायचा थांबतो का? दरवर्षी लाभांश बसल्या जागी. चढणार नाही, पण पडणारही नाही." आता माझं तोंड आधीच पोळलेलं... म्हणजे झालं असं, की बायको शिवणकाम करते, दुकान घ्यायला तिनं पैसे साठवलेले, आणि ते मी गुपचूप दुप्पट करावेत म्हणून... दुप्पट कसले, कुठल्याशा विमान कंपनीत अर्धे झाले! तिला पत्ता नाही. म्हणून उरलेले सगळे उचलले, वीज कंपनीत टाकले आणि जीव मुठीत धरून बसलो. चढणार नाही, पडणारही नाही.

आणि मग एक दिवस आम्ही दोघं लिफ्टमध्ये. तिच्या हातात शिवायला आलेल्या कपड्यांची पिशवी, माझ्या हातात दूध, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लाईट गेली. मिट्ट काळोख. लिफ्ट वर जाईना, खाली येईना... मला तर कॅशियरच आठवला हो. आणि ही सुरू, "मेली कंपनी! बिल घ्यायला पुढे, वीज द्यायला हात आखडतो. बुडणार आहे एक दिवस!" आता 'बुडणार' म्हटल्यावर मला राहवेना. म्हटलं, "असं अभद्र बोलू नये. तारा जुन्या असतात, माणसं कमी असतात, त्यांच्याही अडचणी असतात..." "एवढा पुळका? तुमच्या तीर्थरूपांची आहे का कंपनी?"

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण अंधारात जीभ सैल सुटते. म्हणालो, "तीर्थरूपांची नाही... तुझी आहे."

तुम्हाला सांगतो, हातातली पिशवी तिनं खाली ठेवली. मग अगदी हळू, सुईत दोरा ओवताना बोलते तशी, "दुकानाचे?" "हो." "सगळे?" "उरले ते." "उरले म्हणजे?" म्हटलं, "अर्धे... पण आता घाबरू नकोस, हा शेअर चढणार नाही, पण पडणारही नाही." तेवढ्यात खालून वॉचमन ओरडतोय, "घाबरू नका साहेब, लिफ्ट पडणार नाही!" अरे बाबा, पडू दे की एकदाची, सुटेन तरी...

लाईट आली. बघतो तर ती रडत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं, खरंच सांगतो.

दुकान राहिलं ते राहिलंच. आता हॉलमध्येच मशीन मांडलंय, शेअर तिच्या नावावर, पासवर्ड तिच्याकडे, लाभांश आला की ती विजेच्या बिलाला लावते. आणि मी? ऑफिसातून आलो की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हुक-बटणं लावतो. परवा धीर करून विचारलं, "मला काही मजुरी वगैरे...?" तर मान वर न करता, दातानं दोरा तोडत म्हणते कशी, "आहे की. शून्य. चढणार नाही, पण पडणारही नाही."