एक घर, एक नाव

आता तुमीच सांगा राजेहो, मानसानं मालकाचं आयकावं का नाई? मी आयकलं... अन् त्याच्याच पायी नोकरी जाऊन रायली होती माई!

साठ-एकसष्टची गोष्ट. आमच्या बापूसाहेबायची कापसाची पेढी, मोठं हापीस अकोल्याले, साहेब बसे अमरावतीच्या शाखेत, अन् तिथं टेलिफोनच्या बोर्डावर मी. अकोल्याचा तारेचा पत्ता 'कमळ'. मुंबईवाल्यानं तारेत 'कमळ, अकोला' लिहिलं का पुरे. सारा बाजार त्या हापीसले कमळच म्हने. बरं, म्हना बावा! पन अमरावतीत खोलीखोलीत आतले फोन आले, खोल्यायले नावं द्याची वेळ आली, त साहेब म्हनते, "माझ्या खोलीचं नाव कमळ." म्यानेजर चिंतामणराव भीतभीत म्हनले, "साहेब, ते बाहेर चालतं... आत मोगरा घेऊ का?" साहेब वकिली सोडून कापसात आलेले, चष्म्यावरून पाह्यलं, "माणसाला दोन तोंडं नसावीत. एक घर, एक नाव!"

पयल्याच दिवशी साहेबाचा आवाज, "देवमन, कमळ दे." मी इचारलं, "आतलं का बाहेरचं?" झालं! "आतलं-बाहेरचं काय असतं रे? एक घर, एक नाव! पुन्हा विचारलंस तर घरी बसशील." अन् घरी बायको भागीरथा, लेकरं, मी अजून पक्का नाई... इचारतो कायले?

मंग एक दिवस भाव चढला. "देवमन, कमळ दे, गाठी थांबवायच्या आहेत!" बोर्डावर कमळ म्हंजे त्यायचीच खोली. लावलं. "एंगेज हाये साहेब." घडीभरानं पुन्हा, "कमळ दे!" एंगेज. दुपारभर एंगेज. कसं नसन? फोन त्यायच्याच हातात! तिकडं अकोल्याहून कापसाच्या गाठी जुन्या भावानं मुंबईले निंगाल्या.

संध्याकाळी मले बलावलं. "दुपारभर कमळवर कोण बोलत होतं? नाव सांग, आत्ता कामावरून काढतो त्याला. नाही सांगितलंस तर तुला." आता काय सांगू? म्हनलं, "साहेब, त्याले काढता येनार नाई." "का?" "तुमीच होते."

चिंतामणराव पंख्याकडं पाहून रायले. साहेबानं चष्मा काढून पुसला. मंग म्हनते, "म्हणजे नावातच घोटाळा आहे." माया जीवात जीव आला. म्हनलं, आला बावा मोगरा! कायचा मोगरा? साहेबानं अर्ज करून तारेचा पत्ताच बदलला. 'गुलाब'. कागद नवे छापले, मुंबईले कळवलं, बाजार गुलाब म्हनाले लागला. आत कमळ, बाहेर गुलाब... काय सुखाचे दिवस गेले, तुमाले सांगतो!

मंग एक दिवस सुतार आला. साहेबाच्या दारावरची पाटी काढली, नवी ठोकली. गुलाब. "शोभत नव्हतं रे देवमन. एक घर, एक नाव!"

मी जाऊन बोर्डावर बसलो. साहेबाचा आवाज आला, "गुलाब दे."

मी काईच इचारलं नाई. म्हनलं, "एंगेज हाये साहेब."