आईचा वेगळा कप

माझ्यासमोर जिमचं नाव काढू नका, मला अजून लाज वाटते. भूमला आमच्या घरात सगळे माळकरी, तिथं अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. मी मात्र जिम लावल्यापासून मिल्कशेकच्या उंच स्टीलच्या कपात रोज दुधात कच्ची अंडी घुसळून प्यायचो आणि कप घासून परत मांडणीवर ठेवायचो. वाटायचं, कुणाला पत्ता नाही.

एकादशीला आईनं भजनाच्या बायकांना बोलावलं होतं. मी बाहेरून आलो, तर आई त्याच कपातून सगळ्यांना केळ्याचा मिल्कशेक ओतत होती. शेजारच्या काकू ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात मला राहवलं नाही.

"काकू, पिऊ नका. त्या कपात मी अंडी घुसळतो."

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ह्यो कप येगळा हाय," ती म्हणाली. "तुझा मांडणीवर तसाच हाय. वास आला तवाच म्या ह्यो दुसरा आणून कपाटात ठिवला."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर समद्यांना कळलं असतं."

काकूंनी ग्लास हळूच खाली ठेवला. "माझा आज निरंकार उपास हाय गं," म्हणाल्या. मग एकेक करून सगळ्यांचाच उपास निरंकार निघाला.

बायका गेल्यावर आईनं सगळे ग्लास परत कपात ओतले आणि तो कप माझ्यापुढं ठेवला.

"पी आता समदं. ताकद येती."