हाकमावशी नक्की कोण

पात्रांची नावं बदलून मी एकदा चांगलीच अडकले होते. 'हाकमावशी' हे माझं मुलांचं पुस्तक आलं तेव्हा आम्ही मालवणात राहायचो. त्यातली मासे विकणारी मावशी किनाऱ्यावरून अशी हाक मारते, की धुक्यात हरवलेल्या होड्या माघारी वळतात. ती मी आमच्या मासळीबाजारातल्या शेवंतीकाकीवरून बेतली होती. ती रागवायला नको, म्हणून नाव तेवढं बदललं.

एका सकाळी सुरमई घ्यायला गेले, तर काकी कमरेवर हात ठेवून उभी. शेजारी सुरंगा आणि पारू या दुसऱ्या मासेवाल्या.

"माझ्या नातीन तुझा पुस्तक वाचून दाखवल्यान. नाव कित्याक गो बदललंस? आता ही सुरंगा म्हणता, ती मी. ती पारू म्हणता, ती मी. खरी कोण, ता सांग सगळ्यांसमोर."

मी तोंड उघडणार, तोच सुरंगा म्हणाली, "बाईंका कित्याक इचारतंस? हाक मारून दाखय."

काकी थेट पाण्यापर्यंत गेली. "बाबल्याऽऽ!"

तिच्या लेकाची होडी पार खडकांपलीकडे पोचली होती. ती थांबली आणि किनाऱ्याकडे वळली. होड्या वळतात हे मी मनाने रचलं होतं. त्या क्षणी काकीपेक्षा माझीच मान जास्त ताठ झाली.

"आता तू मार गो," काकी म्हणाली. सुरंगा बांगडे लावायला बसली.

थोड्या वेळाने होडी किनाऱ्याला लागली आणि बाबल्या धावत आला. "काय झाला गो आये?"

"काय नाय. बाईंचा पुस्तक खरा आसा. जा आता."