हेडमधल्या अक्षता

माझ्या गाडीच्या हेडचं तुमाला कधी सांगितलं का? मोटरसायकलच्या इंजिनाला वर जे हेड असतं, त्यातनं धूर बाहेर पडायची वाट असते. ती आतनं घासून गुळगुळीत केली की गाडी लई पळते, असं मी मोबाइलवर बघितलं. मग काय, हेड खोललं आणि पंधरा दिवस मांडीवर घेऊन पॉलिश पेपरनं घासत बसलो.

शेजारचे आप्पा म्हणजे गाड्यांचे जुने मिस्त्री. ते रोज भिंतीवरनं म्हणायचे, "घरी घासून हेड हुतंय व्हय? वाटोळं करणार तू गाडीचं."

घासून झालं त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. आईनं विळी, हातोडीशेजारी पाटावर हेड पण मांडलं आणि सगळ्याची पूजा केली. दुसऱ्या दिवशी मी वरचं कुंकू पुसलं, हेड बसवलं आणि आप्पांना मुद्दाम बोलावलं.

धुराचा जोर बघायला आप्पांनी सायलेन्सरपुढं तळहात धरला. त्यातली जाळी मी आधीच काढलेली.

"मार किक."

मारली. गाडी फटफटली आणि आप्पांच्या हातावर, शर्टावर, मिशीवर कुंकवानं लाल झालेले तांदूळ उडाले.

मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "भोक दिसलं, म्हणून आत बी टाकल्या की अक्षता."

आता हे गल्लीभर सांगणार, असं मी धरूनच चाललो. आप्पांनी चष्मा वर केला, तळहातावरचा एकेक दाणा निरखून बघितला.

"काम चांगलं केलंयस की रं," ते म्हणाले. "दाणा एकबी तुटला न्हाय."