कावळ्याला दिलेला शब्द

मंडळी, तुम्ही भर उन्हात घाटावर थांबलात, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. मला धड बोलता येईल का, माहीत नाही. आपल्याकडं दहाव्याला पुढारी बोलतात, लेकी बोलत नाहीत. पण नाना माझे वडील होते.

नाना गेल्यापासून आमच्या घरात चूल पेटली नाही. तुम्हीच पेटू दिली नाही. रोज कुणाच्या तरी घरची भाकरी, कुणाचं पिठलं. तिकडं शहरात, बावधनला मी राहते तिथं मला शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. ऑफिसात मी छाती फुगवून सांगते, आमचं गाव असं आहे!

आणि आज याच गावात मला मान खाली घालावीशी वाटली.

पिंडाला कावळा शिवत नव्हता. माझा भाऊ म्हणाला, आईला सांभाळू. नाही शिवला. देवळाला पायऱ्या बांधू. तरी नाही. मग काका पुढं झाले, हात जोडून मोठ्यांदा म्हणाले, "दादा, काळजी करू नगंस. जमीन इकली तरी सखूआक्काची खोली तिचीच ऱ्हाईल. तिला हितनं कुणी उठवणार न्हाई."

कावळा आला. "शिवला, शिवला," म्हणालात सगळे.

सखूआत्या, नानांची बहीण. नवऱ्यानं टाकली, माहेरी आली, जन्मभर आमची भातं लावली. जमिनीत तिचं नाव नाही. दवाखान्यात नाना एकच विचारायचे, "सखूचं कसं व्हनार गं?"

मघाशी खाली पाण्यापाशी मी काकांना हळूच विचारलं, काका, खोलीचं नक्की ना? काका म्हणाले, "आगं, तितं तसं म्हणायचं असतंय."

म्हणायचं असतं? मग आपण फसवलं कुणाला? कावळ्याला? नानांना?

आत्या तिकडं मागं बायकांत बसलीय. काकांनी कावळ्याला दिलेला शब्द तिनं ऐकला आणि पदर डोळ्यांना लावला. तिला ते खरं वाटलंय. येत्या आठवड्यात जमिनीची बोलणी आहेत आणि मला झोप नाही. काकांची भीती नाही वाटत मला. तुमची वाटते. ज्यांनी भाकरी पोचवली, तीच माणसं उद्या 'घरातला मामला' म्हणून गप्प बसतील, याची वाटते.

काका, रागवा माझ्यावर, मी तुमचीच लेक आहे. पण तेच शब्द एकदा आत्याकडं बघून बोला. मग आपण सगळे नानांसाठी शांत उभे राहू.

आत्या, जरा पुढं ये. काका तुझ्याशी बोलतायत.