मागच्या सीटचं प्लॅस्टिक

अंबुजाबाई : आडवा हो म्हटलं ना तुला. नुसतं बसून काय कळणार?

सेतू : आई, शोरूम आहे ही. लोक बघतायत.

अंबुजाबाई : बघेनात का. हे डोकं ठेव माझ्या मांडीवर. चपला काढ आधी, दुसऱ्याची गाडी आहे अजून.

सेतू : तो सेल्समन साईराम मघापासून मायलेज सांगतोय बिचारा. चालवून बघा, एसी लावून बघा म्हणतोय. तू त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीस.

अंबुजाबाई : त्याला तमिळीत सांग, आमच्या म्हातारीचं डोकं फिरलंय. तेवढ्यानं गप्प बसेल. आता पाय घे वर.

सेतू : घेतले.

अंबुजाबाई : गुडघे?

सेतू : मुडपलेत. फार नाही, कुशीवर झोपल्यावर मुडपतात तेवढे.

अंबुजाबाई : त्याला सांग, बाहेरून दार लाव म्हणून. हळू लाव म्हणावं.

सेतू : ...लागलं.

अंबुजाबाई : पायाला टेकलं का?

सेतू : नाही टेकलं.

अंबुजाबाई : खरं सांग. आईला बरं वाटावं म्हणून बोलू नको.

सेतू : दोन बोटं जागा उरलीय, आई.

अंबुजाबाई : मग हीच. ऊठ आता. पांढऱ्या रंगात सांग.

सेतू : अगं पण ती उंच गाडी अजून बघितलीच नाहीस तू! तुझी सून पवित्रा म्हणते, मुलांना बाहेरचं दिसतं त्यातून. लग्नाच्या स्वैपाकाला निघालो की दोन डेगी मागं मावतील. शिवाय आपल्या गल्लीत ते गतिरोधक, या गाडीचं पोट घासणार त्यावर.

अंबुजाबाई : डेगींना टेंपो आहे. आणि पोट घासलं तर गाडीचं घासेल, तुझं नाही. त्या उंच गाडीत माणसाला चढावं लागतं. ज्याच्या अंगात जीव नाही त्याला कोण उचलून चढवणार? हिच्यात नुसतं सरकवलं की माणूस आत. मी मघाशी त्या दुसऱ्या सेडानमध्येही बसून बघितलं. तिची डिक्की मोठी, मागची सीट आखूड. डिक्कीत काय मला घालून नेणार आहेस?

सेतू : आपल्या घरात आजारी कोण आहे? देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहोत. ही गाडी तू आपल्यासाठी बघत नाहीयेस. अप्पांसाठी बघतेयस. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली.

अंबुजाबाई : तुजला काय आठवतं? नऊ वर्षांचा होतास.

सेतू : पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. थोरल्या अप्पांच्या दारात नवी अँबॅसॅडर उभी होती. थोरल्या आईच्या हातात चार लिंबं होती. एवढं आठवतं.

अंबुजाबाई : मग पुढचं मी सांगते. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं भर दुपारी. पलीकडच्याच गल्लीत सख्खा भाऊ, दारात गाडी, आत ड्रायव्हर जेवत बसलेला. मी अनवाणी धावले. भावजी बाहेर आले आणि काय म्हणाले? गाडीची पूजा व्हायची आहे म्हणाले. चाकाखाली लिंबं चिरडायच्या आधी आजारी माणूस बसवला तर गाडी लाभत नाही म्हणाले. आम्ही तंजावरला बसनं निघालो. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेत. लोक त्या पायांवरून ओलांडून जात होते, सेतू. पापनाशम्‌ला रेल्वेचं फाटक बंद. फाटक उघडलं तोवर उशीर झाला होता.

सेतू : आई, बस कर आता.

अंबुजाबाई : कशाला बस? तू त्याला फॉर्म आणायला सांग. पांढरी. भावजींची होती तशी. आणि मुहूर्ताच्या दिवशी हातात पाहिजे. त्या सकाळी गाडी पहिल्यांदा कुठं न्यायची ठाऊक आहे?

सेतू : देवळात. विठोबाच्या.

अंबुजाबाई : भावजींच्या दारात. तिथं उभी करायची, मोठ्यानं हॉर्न वाजवायचा, ते बाहेर आले की त्यांच्या डोळ्यांदेखत चार लिंबं चाकाखाली ठेवायची. तिथंच चिरडायची. साली त्यांच्या उंबऱ्यात पडल्या पाहिजेत. मग देऊळ.

सेतू : ऐंशी वर्षांचे झालेत ते. एका डोळ्यानं दिसत नाही त्यांना.

अंबुजाबाई : दुसऱ्यानं दिसतं की. एक पुरे मला.

[आठ दिवसांनी, मुहूर्ताची सकाळ. अंबुजाबाईंच्या दारात हार घातलेली पांढरी गाडी. भावजी राजगोपाळरावांची बायको सुब्बलक्ष्मी पायऱ्यांशी उभी.]

सुब्बलक्ष्मी : ...आत ये म्हणत नाहीस, अंबुजा?

अंबुजाबाई : ओट्यावर बसा, अक्का. मी तुमच्याकडे आले तेव्हा मीही ओट्याच्या आत नव्हते गेले. चपला कुठं आहेत तुमच्या?

सुब्बलक्ष्मी : चपला? ...विसरले वाटतं. लक्षात नाही राहिलं. सेतू, तू तरी ऐक बाबा. ह्यांच्या डोळ्यापुढं सकाळपासून काळा पडदा आलाय. डावा काचबिंदूनं आधीच गेलेला, आता हा उजवा. इथले डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटतोय, आजच्या आज तंजावरला पोचवा. आडवं निजवून न्या, धक्का बसू देऊ नका. उद्यावर गेलं तर...

सेतू : गाडी कुठंय तुमची?

सुब्बलक्ष्मी : आमचा मुलगा जयकुमार चेन्नईला घेऊन गेला, त्याला वर्ष झालं. आम्हांला कुठं जायचं असतं आता, म्हणाला. टॅक्सीवाल्या सगळ्यांना फोन लावले. आज मुहूर्त, एकूण एक गाडी लग्नांना गेलीय. एकशे आठला लावला, तर रुग्णवाहिका तिरुप्पनंदाळच्या अपघाताला गेलेली. डोळ्याचा आजार आहे म्हटल्यावर थांबा म्हणाले.

सेतू : आई, किल्ली दे.

अंबुजाबाई : थांब.

सेतू : आई!

अंबुजाबाई : थांब म्हटलं ना. दोन मिनिटांनी डोळा जात नाही. दोन मिनिटांत काय जातं ते मला विचार. अक्का, गाडी बघितलीत का येताना?

सुब्बलक्ष्मी : बघितली.

अंबुजाबाई : कशी आहे?

सुब्बलक्ष्मी : चांगली आहे.

अंबुजाबाई : नीट बघा. रंग बघा. आत सीटवर प्लॅस्टिक आहे, ते बघा. आताच आणलीय, पूजा व्हायची आहे. लिंबं इथं माझ्या ओच्यात आहेत. अशा गाडीत आजारी माणूस पहिल्यांदा बसवला तर काय होतं, अक्का? तुमच्या घरचा नियम आहे. मी शिकले नाही, चौथीत शाळा सुटली माझी. सांगा ना, काय होतं?

सुब्बलक्ष्मी : अंबुजा, वेळ नाही गं.

अंबुजाबाई : मलाही नव्हता.

सुब्बलक्ष्मी : ...गाडी लाभत नाही.

अंबुजाबाई : मोठ्यानं. सेतूला ऐकू गेलं नाही.

सुब्बलक्ष्मी : पूजेआधी आजारी माणूस बसला तर गाडी लाभत नाही. असं हे म्हणाले होते. आणि मी... मी मागून म्हटलं होतं, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. हळूच म्हटलं होतं. तू ऐकलं नसशील.

अंबुजाबाई : ऐकलं होतं.

सुब्बलक्ष्मी : ऐकलं होतंस?

अंबुजाबाई : तीस वर्षं ऐकतेय. तुमच्या तोंडून येतं का, तेवढंच बघत होते. आता एक सांगा. गाडी लाभली का तुम्हांला?

सुब्बलक्ष्मी : काय सांगू तुला?

अंबुजाबाई : खरं सांगा.

सुब्बलक्ष्मी : लाभली. पंधरा वर्षं वाटेत एकदा बंद पडली नाही. मी वाट बघायची, कधीतरी पडेल म्हणून. पापनाशम्‌चं फाटक आलं की हे खिडकीची काच वर करायचे. उन्हाळ्यातसुद्धा. एवढंच.

अंबुजाबाई : ...काच वर करायचे?

सुब्बलक्ष्मी : दरवेळी.

अंबुजाबाई : सेतू, गाडी काढ. घरातली मऊ उशी घे, आणि माझी ती जाड चादर. अक्का, पुढं व्हा, भावजींना उठवू नका, सेतू आणि शेजारचा विष्णुवर्धन दोघं मिळून आणतील. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या हातात. आणि चपला घाला माझ्या. त्या तिथं आहेत. तंजावरची फरशी तापलेली असते.

सुब्बलक्ष्मी : नव्या गाडीचं पहिलंच निघणं. लिंबं तरी ठेव ना चाकाखाली.

अंबुजाबाई : ती तुमच्या उंबऱ्यात चिरडायला आणली होती. आता सरबत करीन. उन्हाचे दिवस आहेत.

सुब्बलक्ष्मी : तू मला माफ केलंस, असं समजू का?

अंबुजाबाई : गाडी दिलीय. बाकी काही समजू नका. माफी ह्यांची मागायची, ते भेटतील तेव्हा. मी मधली नाही.

सुब्बलक्ष्मी : येते मी.

अंबुजाबाई : हळू उतरा. ती शेवटची पायरी डुगडुगते.

सेतू : ...मला वाटलं, तू देणार नाहीस.

अंबुजाबाई : न देऊन काय करू? तो डोळा गेला तर गाडी बघणार कोण? तीस वर्षं लोकांच्या लग्नात सांबार ढवळलं ते काय आंधळ्याला दाखवायला? मजला तो डोळा पाहिजे. धड. डॉक्टरांना सांग, पैशाकडे बघू नका, डोळा वाचवा.

सेतू : म्हणजे परत आणायचं आणि मग त्यांच्या दारात हॉर्न वाजवायचा?

अंबुजाबाई : बघू. आणि ऐक. नव्या रस्त्यानं जा. जुना पापनाशम्‌वरून जातो, तिथं फाटक लागलं तर खोळंबा होईल.

सेतू : एवढंच कारण?

अंबुजाबाई : एवढंच. तू वकील झालास का रे मधेच? अक्काला मागं बसव. भावजींचं डोकं तिच्या मांडीवर. पाय दुमडून घे, दार लागतं, आपण बघितलंय. तासाभरात तिच्या मांडीला मुंग्या येतील. येऊ देत. उशी मागितली तर डोक्याखाली दे, मांडीच्या जागी नको.

सेतू : तू येतेस?

अंबुजाबाई : मी कशाला? माझं बसणं नंतर. पूजा झाल्यावर.

सेतू : बरं. ते सीटवरचं प्लॅस्टिक फाडून टाकतो आधी. घसरतील ते त्याच्यावर.

अंबुजाबाई : हात लावू नको त्याला.

सेतू : अगं, पेशंट आहे...

अंबुजाबाई : चादर घाल ना वर, जाड आहे. नाही घसरायचे. प्लॅस्टिक खाली राहू दे.

सेतू : त्यांना दिसणारसुद्धा नाही ते.

अंबुजाबाई : वाजेल की. अंग हललं की वाजेल. आणि डोळ्याची पट्टी सुटली की येताना दिसेलच. तोवर राहू दे.